बसण्याचं दुखणं

मूळव्याधीवर कोणी लिहीत नाही. हृदयाच्या झटक्यावर लिहितात, मोतीबिंदूवर लिहितात, गुडघ्यांवर तर आमच्या वयाची मंडळी चहा थंड होईपर्यंत बोलत बसतात. पण ह्या दुखण्याचं नाव काढलं की समोरचा एक तर हसतो, नाही तर विषय बदलतो. मला आता कोणाची भीड उरलेली नाही. ज्याला हसायचंय त्याने आधी हसून घ्यावं आणि मग वाचावं, मधे मधे हसू नये.

मी बहरीनला ट्रेलर चालवत होतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यातून मुंबईला गेलो, तिथे क्लीनरचा ड्रायव्हर झालो, आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी शेवटी एजंटाच्या हातापाया पडून बहरीनचा व्हिसा मिळवला. वडील आधीच गेले होते. घरी आई, धाकटा भाऊ, आणि लग्नाला वर्षही न झालेली बायको. मिळवणारा मी एकटा. शेतातून निघणारं भात दिवाळीनंतर फार दिवस पुरायचं नाही. म्हणजे मला ट्रेलरच्या सीटवर बसता येणं, ह्या एका गोष्टीवर ते घर उभं होतं. वाचायला विचित्र वाटेल, पण होतं ते असं होतं. बसता आलं तर नोकरी, नाही आलं तर परतीचं तिकीट.

तिथे अस्कर गावाच्या बाजूला अॅल्युमिनियमचा मोठा कारखाना आहे. तिथल्या धातूच्या लाद्या बंदरावर न्यायच्या, हे आमचं काम. मी कारखान्याचा नोकर नव्हतो, माल वाहणाऱ्या एका कंत्राटदाराचा होतो, आणि हा फरक फार मोठा. कारखान्याच्या माणसांना कॅन्टीन होतं, बाथरूम होतं. आम्हाला सीट होती. माल भरायला रांग, बंदरावर उतरवायला रांग. रांग इंच इंच पुढे सरकायची, त्यामुळे गाडी सोडून खाली उतरायची सोय नाही. उतरलात की मागचा हॉर्न बडवणार आणि फाटकावरचा माणूस यल्ला यल्ला, म्हणजे चल चल, करत अंगावर येणार. ऑगस्टात सीटच्या रेक्झिनवर टॉवेल टाकल्याशिवाय टेकता येत नसे. पाणी प्यायलो तर लघवीला उतरावं लागेल, म्हणून आम्ही ड्रायव्हर लोक पाणीच पीत नव्हतो. ह्यात आम्हाला मोठं शहाणपण वाटायचं. नवा माणूस आला की जुना ड्रायव्हर त्याला पहिल्याच दिवशी हे शिकवायचा, तसं मलाही शिकवलं.

राहायला कंपनीचा कॅम्प. पत्र्याच्या लांबलचक शेडी, खोल्यांतून दुमजली खाटा. आमच्या ओळीतल्या सगळ्या खोल्यांना मिळून दोन संडास, त्यातला एक बहुतेक वेळ तुंबलेला. पहाटे कामाची बस यायची, आणि ती यायच्या आत एवढ्या सगळ्या माणसांनी तिथे जाऊन यायचं. म्हणून नंबर लावलेले होते. कुठे लिहिलेले नव्हते, तोंडीच, पण कोर्टाच्या हुकमापेक्षा पक्के. सगळ्यात जुना माणूस आधी, सगळ्यात नवा शेवटी. मी नवा. माझा नंबर लागायचा तेव्हा बस फाटकाशी हॉर्न देत असायची आणि दारावर कोणीतरी थापा मारत असायचं, "आटप रे, तुझ्यापायी सगळ्यांचा खाडा होईल." अशा वेळी माणूस दोनच गोष्टी करू शकतो. जोर लावायचा, नाही तर तसंच उठायचं आणि संध्याकाळपर्यंत दाबून धरायचं. मी वर्षभर आलटून पालटून दोन्ही केलं. खायला खुबूस, म्हणजे तिकडची मैद्याची रोटी, नाही तर भात, तिखटजाळ रस्सा आणि सुकी मासळी. भाजी महाग आणि कोमेजलेली, आणि भाजी खाणाऱ्याला आमच्या खोलीत भटजी म्हणून चिडवायचे.

एका पहाटे रक्त पडलं. दुखलं काहीच नाही, फक्त पांढऱ्या भांड्यात टपटप लाल थेंब. आतडंच फाटलं, आता आपण काही गावाला जात नाही, असं वाटून मी तिथेच भिंतीला धरून बसलो. बाहेर थापा चालूच होत्या. मी बादलीभर पाणी ओतलं, बाहेर आलो, बसमध्ये चढलो आणि दिवसभर लाद्या वाहिल्या. कोणाला सांगणार? डॉक्टरकडे जायचं तर आधी फोरमनला कारण सांगावं लागे, आणि फोरमनला कळलं की कॅम्पच्या झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना कळलं. शिवाय कंपनीचा एक अलिखित नियम आम्हाला सगळ्यांना ठाऊक होता. जो ड्रायव्हर फार दिवस खाटेवर पडतो त्याचा व्हिसा खलास.

पुढे रक्त रोजचंच झालं आणि एक मोड, म्हणजे मांसाचा कोंब, बाहेर यायला लागला. आधी आपला आपण आत जायचा, मग बोटाने ढकलावा लागायला लागला. आता दुखायलाही लागलं. ट्रेलर खड्ड्यातून गेला की डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. मी एका कुल्ल्यावर वजन टाकून गाडी चालवायला शिकलो.

हे पकडलं ते मामांनी. मामा म्हणजे आमच्या खोलीतले सगळ्यात जुने, खेडकडचे पाइप फिटर. नात्याने कोणाचेच मामा नव्हते, पण सगळी खोली त्यांना मामा म्हणायची आणि त्यांचा शब्द पाळायची. एका शुक्रवारी मी पॅन्ट धूत होतो तर ते मागे येऊन उभे राहिले. डाग पाहून म्हणाले, "किती दिवस?" मी म्हटलं, "झाले काही महिने." ते म्हणाले, "मूळव्याध हाय ती. उष्णता चढलीय अंगात. ह्या मुलखात चढणारच. तू गप ऱ्हा, मी करतो तुझं."

आणि त्यांनी खरंच केलं. आमच्याकडे कोणी आजारी पडलं की त्याला पेज देतात. ताप असो, पोट बिघडलेलं असो, पाय मोडलेला असो, पहिली पेज. मामांनी हिशोब मांडला की जेवढं कमी खाशील तेवढं कमी जाईल, आणि जेवढं कमी जाईल तेवढी त्या जागेला विश्रांती. मलाही ते पटलं. मामा स्वतः ड्युटीवर जायच्या आधी स्टोव्हवर माझ्यासाठी पेज रटरटवायचे, वर आमसुलाचा तुकडा आणि मीठ. दोन्ही वेळा तीच. भाजी नाही, भाकरी नाही, पाणी तर ड्रायव्हर पीतच नाही. जो माणूस आपल्यासाठी पहाटे उठून पेज करतो त्याला कसं सांगणार की ह्याने वाईट होतंय? आणि मला तरी कुठे कळत होतं. दुसऱ्या महिन्यात आठवड्यातून दोनदाच व्हायचं, आणि होताना जे निघायचं ते खडीसारखं. मी संडासात तोंडात टॉवेलचा बोळा धरून रडायचो. तेव्हा माझं वय तीसही नव्हतं.

सुटका झाली ती अगदी अनपेक्षित ठिकाणी. बंदराचा पास संपला होता, तो नवा करायला मी कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिथे एक अकाउंटंट साहेब होते, पुण्याचे. तसे कडक, आम्हा ड्रायव्हर लोकांशी कामापुरतं बोलणारे. त्यांनी बसायला सांगितलं. मी म्हटलं, उभाच बरा आहे. त्यांनी पुन्हा सांगितलं, मी पुन्हा तेच म्हटलं. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, उठून दार लावलं आणि आपल्या खुर्चीवरची उशी उचलून दाखवली. उशीखाली मोटारीच्या ट्यूबसारखी फुगवलेली रबरी रिंग होती. "मला चार वर्षं होतं," ते म्हणाले. "आता बरं आहे, पण भीती जात नाही म्हणून ही ठेवली आहे." मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांच्यासमोर हसायलाच लागलो. तेही हसले. आपल्यासारखंच दुखणं टाय लावलेल्या माणसालाही असतं, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

त्यांनीच फोरमनला काहीतरी सांगून मला सरकारी हॉस्पिटलमधल्या एका डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टर मंगळूरकडचे, हिंदीत बोलायचे. त्यांनी मला कुशीवर झोपवलं, बोटाने तपासलं, मग एक छोटी नळी घालून बॅटरीने आत पाहिलं. लाजेने माझा जीव जायची वेळ आली, पण ते मात्र सगळा वेळ माझ्या गावाला आंबे कधी येतात ते विचारत होते. तपासल्यावर म्हणाले, "पहिली गोष्ट, ही मूळव्याधच आहे. न बघता तसं म्हणू नये, रक्त दुसऱ्या कारणानेही पडतं आणि ती कारणं वाईट असतात."

मग त्यांनी मला जे समजावलं, त्याहून चांगलं आजवर मला कोणी समजावलेलं नाही. म्हणाले, प्रत्येक माणसाच्या त्या जागी आत मऊ गाद्या असतात, रक्ताच्या बारीक नळ्यांनी भरलेल्या. दार घट्ट मिटावं म्हणून देवानेच त्या ठेवल्या आहेत. तुलाही आहेत, मलाही आहेत. माणूस जोर लावतो, कळ दाबून धरतो, तासन्तास बसतो, तेव्हा त्यांच्यात रक्त तुंबतं, त्या फुगतात आणि खाली सरकतात. त्यावरून कडक मळ घासत गेला की रक्त. आतल्या भागाला दुखणं कळत नाही, म्हणून सुरुवातीला नुसतं रक्त दिसतं. उष्णता वगैरे काही नाही. "काय खातोस?" मी म्हटलं, पेज. त्यांनी कपाळाला हात लावला.

मी विचारलं, "कापणार का?" हा एकच प्रश्न मी घोकत गेलो होतो. कापलं तर कित्येक आठवडे सीटवर बसता येणार नाही, आणि तेवढे आठवडे कंपनी थांबणार नाही. डॉक्टर म्हणाले, "आत्ता गरज नाही. माझं ऐकलंस तर कधीच गरज पडणार नाही." त्यांनी बोटावर एक बारीक रबर घेऊन दाखवलं, मुलींच्या केसांच्या रबराहूनही लहान. हे त्या फुगलेल्या गादीच्या मुळाशी चढवतात. तिचं रक्त तुटतं, आठवडाभरात ती सुकून गळून पडते, कळतही नाही. कापाकापी नाही, भूल नाही, दुसऱ्या दिवशी कामावर. "पण रबर म्हणजे निम्मंच औषध," ते म्हणाले. "उरलेलं तुझ्या हातात. भरपूर पाणी पी. भाजी, फळं, खजूर, ताक खा. रात्री इसबगोल घे. कळ आली की लगेच जा, धरून ठेवू नको. गेल्यावर जोर लावू नको, तिथे बसून राहू नको. सकाळ संध्याकाळ कोमट पाण्यात बसून शेक घे. आणि सलग फार वेळ बसू नको."

मी मान डोलवत होतो. ह्यात अवघड काय आहे, असंच मला तेव्हा वाटलं.

रबर लावून खोलीवर आलो आणि मामांना सगळं सांगितलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता, सगळी खोली ऐकत होती. मामांचं तोंड पडलं. उठून त्यांनी पेजेचा टोप घासून पालथा घातला. दुसऱ्या पहाटे नंबर सुरू व्हायच्या वेळी मामांनी मला हलवून उठवलं आणि म्हणाले, "जा, आजपासून माझा नंबर तुझा. मी शेवटी जाईन." त्या कॅम्पमध्ये एकाने दुसऱ्याला पहिला नंबर देणं म्हणजे काय, ते तिथे राहिलेल्यालाच कळेल. कोणी पैसे दिले असते तरी मला एवढं वाटलं नसतं.

नंतरचे काही महिने चांगले गेले, बहरीनमधले काय ते तेवढेच. मी दुकानातून लबन आणायचो, म्हणजे तिकडचं ताक. खजूर स्वस्त होता. कपडे धुवायचा प्लास्टिकचा टब शेकायला घेतला. ऊन तापलं की शेडीवरच्या टाकीचं पाणी आपोआप इतकं तापायचं की ते निवत ठेवावं लागे. मी टबात बसलो की पोरं म्हणायची, "राजे आसनस्थ झाले, मुजरा करा." मी त्यांना शिव्या घालायचो. पण त्याच पोरांनी आपापल्या रश्श्यात कोबी, गाजर घालायला सुरुवात केली, आणि एक दोघांनी गुपचूप येऊन मला विचारलं की डॉक्टर कुठे बसतात. रक्त थांबलं. मी दोन्ही बाजूंवर सारखं बसून गाडी चालवायला लागलो.

मग कंत्राट वाढलं. कंपनीने आणखी माणसं आणली, कुठून कुठून, आणि खोल्यांतून जमिनीवरही गाद्या पडल्या. संडास तेवढेच. जुने नंबर मोडले, नवे लावायला कोणी एकाचं ऐकेना, पहाटे तिथे नुसती झोंबाझोंबी. मामांचा करार संपला, कंपनीने तो वाढवला नाही आणि ते गावाला निघून गेले. जाताना मला म्हणाले, "सांभाळ रे." ते गेल्यावर मी पुन्हा रांगेत शेवटी. बंदरावरच्या खेपा वाढल्या, रांग लांबली, आणि त्यात उन्हाळा आला. पाण्याचा मोठा कॅन मी केबिनमध्ये ठेवला होता, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. एकदा रांगेतून उतरून भिंतीच्या आडोशाला गेलो तर फाटकावरच्याने नंबर टिपला आणि फोरमनने मला सगळ्यांसमोर झापलं. त्यानंतर कॅन भरलेलाच राहायचा.

रक्त पुन्हा सुरू झालं. मी पुन्हा डॉक्टरकडे गेलो. त्यांनी तपासलं आणि ते चिडलेच. "मी तुला काय सांगितलं होतं? पाणी पितोस? वेळेवर जातोस? बसणं कमी केलंस?" माझाही पारा चढला. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, ट्रेलरमध्ये संडास कुठे आहे ते तुम्ही सांगा, मी वेळेवर जातो. बसणं कमी करू म्हणता, मला पगार बसण्याचाच मिळतो." डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग एका कागदावर लाइट ड्यूटी असं लिहून, सही करून दिलं.

तो कागद मी फोरमनला दिला. फोरमन वाईट माणूस नव्हता, त्यालाही वरून बोलणी खावी लागत. त्याने कागद वाचला, घडी करून माझ्याच खिशात ठेवला आणि म्हणाला, "लाइट ड्यूटी मफी, नाहीच मिळत. ड्रायव्हरने गाडी चालवायची, नाही तर घरी जायचं. तू सांग काय करू." मी म्हटलं, चालवतो.

संध्याकाळी मी अकाउंटंट साहेबांना भेटलो. त्यांनी मला घरी नेलं. मनामा शहरात त्यांचा फ्लॅट होता. वहिनींनी ताट वाढलं, दोन भाज्या, कोशिंबीर, ताक. हात धुवायला आत गेलो तर स्वच्छ पांढरं बाथरूम, आतून कडी, बाहेर कोणी नाही. मी हात धुतले आणि कडी लावून उगाचच थोडा वेळ तिथे उभा राहिलो. त्यांना आणि मला एकच दुखणं, एकच डॉक्टर, औषधही एकच. ते बरे झाले होते. त्यांचा मला राग नाही आला, त्यांनी माझ्यासाठी खूप केलं. पण त्या दिवशी मला पक्कं कळून चुकलं की मी बहरीनमध्ये बरा होणार नाही. डॉक्टरांची सगळी औषधं फुकटातली होती, पाणी, पाला, थोडा निवांतपणा, आणि तीच मला परवडत नव्हती.

तो उन्हाळा कसा काढला ते सांगण्यात अर्थ नाही. शेवटी बंदरावरच्या रांगेत मला चक्कर आली, डोकं स्टिअरिंगवर आपटलं आणि हॉर्न वाजत राहिला. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर अंगात रक्तच उरलं नव्हतं. मोड पुन्हा बाहेर आला होता आणि आपण होऊन आत जातच नव्हता. माझी दोन वर्षं भरत आली होती, सुट्टी लागू होत होती. डॉक्टर म्हणाले, "मी अजून एकदा रबर लावतो. सुट्टीत दोन महिने मी सांगितलं तसं राहा, अगदी तसंच. त्याने जमलं तर जमलं. नाही तर आल्यावर कापावं लागेल, मग माझ्याकडे दुसरा इलाज नाही." कापलं तर नोकरी गेली, हे त्यांनाही माहीत होतं. लोहाच्या गोळ्यांची पुडी त्यांनी हातात दिली आणि माझा खांदा थोपटला.

मी गावाला आलो तेव्हा श्रावण लागला होता. पहिल्या दोन दिवसांत मी बायकोला सगळं सांगून टाकलं. लग्नानंतर मोजके महिने आम्ही एकत्र राहिलो होतो, त्यामुळे एकमेकांची तशी ओळखच नव्हती, आणि पहिलं बोलणं काय तर हे. ती हसली नाही. तिने विषयही बदलला नाही. तिने डॉक्टरांचा एकेक शब्द मला पुन्हा पुन्हा विचारून घेतला आणि कामाला लागली.

सकाळी उठलो की तांब्याभर पाणी उशाशी. नाचणीची भाकरी, टाकळा, शेवग्याचा पाला, केळफूल, सुरण. दुपारी ताक, तेही ती मागेच उभी राहून संपवायला लावायची. परसात आमचा चुड्याच्या, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्यांच्या, भिंतींचा संडास होता, शेणाने सारवलेला. तिथे कोणी थाप मारत नव्हतं. सकाळ संध्याकाळ मागच्या पडवीत ती घंगाळात कोमट पाणी काढायची, पडदा म्हणून दोरीवर लुगडं टाकायची आणि पलीकडे बसून तांदूळ निवडत माझ्याशी बोलायची. मी घंगाळात, ती लुगड्याच्या पलीकडे. आमचा संसार खरा तिथे सुरू झाला. तिने मला तिच्या माहेरच्या विहिरीबद्दल सांगितलं, शाळा कशी सुटली ते सांगितलं. मी तिला समुद्राच्या मधोमध असलेल्या त्या वाळूच्या देशाबद्दल सांगितलं. कधी कधी पाणी गार होऊन जायचं तरी आम्ही उठत नसू. रोज सकाळी ती हळूच विचारायची, "आज?" आणि मी सांगायचो, थोडं. मग, दोन थेंब. मग, नाही.

डॉक्टरांचं खरं ठरलं. रबराने गादी गळाली होती, आणि उरलेलं काम पाण्याने, पाल्याने आणि तिने केलं. मोड आपोआप आत राहायला लागला. अंगावर रक्त चढलं. मी शेतात वाकून काम केलं, सायकलवर तालुक्याला जाऊन आलो, काही म्हणजे काही दुखलं नाही. कोणी चाकूही लावला नाही. मला वाटलं, आपण जिंकलो. इतका आनंद मला व्हिसा मिळाला तेव्हाही झाला नव्हता.

सुट्टी संपत आली तेव्हा एकदा रात्रीच्या जेवणाला सगळे बसलो होतो. आईने भाताचा गोळा कालवता कालवता विचारलं, "आता रक्त पडतं का रे तुला?" मी छाती पुढे काढून म्हटलं, "नाय. महिना झाला, एक थेंब नाय. अगदी पहिल्यासारखा झालो." आईने तिथूनच देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. भाऊ म्हणाला, "मंग उद्या तालुक्याला जाऊन मी एजंटाला कळवतो, तिकिटाचं बघ म्हणून." आई म्हणाली, बघ बाबा. बायको वाढत होती. तिने मला आणखी थोडी भाजी वाढली आणि आत गेली.

जेवण झाल्यावर मी हात धुवायला मागच्या पडवीत गेलो. ती भांडी घासत होती. माझ्याकडे न बघता, आतल्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने ती म्हणाली, "पडतं म्हणाला असतात, तर कोण बघायला येणार होतं?"

मी ओले हात घेऊन तसाच उभा राहिलो. आत भाऊ आईला विचारत होता की माझा पासपोर्ट कुठल्या ट्रंकेत ठेवला आहे. तिने भांडी पालथी घातली, घंगाळ चुलीवर चढवलं आणि माझ्यासाठी पाणी तापवायला घेतलं.